ॲम्ब्युलन्सच्या पुढं दहा किलोमीटर

हसायचं तर हसा, पण कळंबच्या त्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेत मी सबंध चालत गेले. सगळे कधीच पुढं पळाले, माझ्या मागं उरली फक्त ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर दर वळणाला विचारायचा, "मावशी, बसता का?"

"मी हळू चालते, आजारी न्हाय."

पोचले, तर पोरं शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीची हवा सोडत होती.

"परत फुगवा. मी थांबते."

"मावशी, तुमचा टाइम वाढंल."

"सकाळपासून वाढतोयच की."

कमान उभी राहिली. मी पदर खोचून ऐटीत खालनं गेले. मागं बघते तर ड्रायव्हर गाडी सोडून चालत येत होता.

म्हणला, "मावशी, शेवटचा मी."