कार्निव्हलचा फोटो

मिलानच्या तुरुंगाच्या दारात भेटीची रांग लागली होती. नवऱ्याचे धुतलेले कपडे पेपरात बांधून इओलांदा उभी होती. पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

"पेपरच्या बातमीदाराला रेन्झोचा फोटो तूच दिलास, आदेलिना?"

"मीच गं. घरी आला, कॉफी प्यायला, लेकाचा हसरा फोटो द्या म्हणाला. कार्निव्हलचा दिला. दरोडेखोराचं सोंग घेतलं होतं पोरानं, हातात लाकडी पिस्तूल."

"आणि?"

"फोटोतून भोवतीची नाचणारी पोरं कापली, पिस्तूल ठेवलं. वर ठळक अक्षरांत, 'मुलीचा खुनी लाल पक्षाचा'."

"पण खुनाच्या रात्री रेन्झो तर तुझ्यापाशी होता."

"तापात होते मी. कपाळावर पट्ट्या ठेवत बसला होता. तेही सांगितलं त्या बातमीदाराला."

"छापलं?"

"जागा नव्हती म्हणे. काल पुन्हा आला. आता खरं छापतो म्हणाला, लहानपणचा फोटो मागितला."

"दिला नाहीस ना?"

"दिला बाई. दुसरं कोण विचारतंय मला?"

"कधी छापणार?"

"रविवारी मतदान होऊ दे, मग म्हणाला."

रांग पुढे सरकली. इओलांदाच्या कपड्यांभोवतीच्या पेपरावर तोच फोटो होता; पिस्तुलाची ती बाजू त्यांना दिसू नये म्हणून तिनं हळूच आपल्या छातीकडे वळवली.