यांना भूक लागली त्या दिवशी

मी बोनकोड्याची, आगरी घरातली पोर. आमच्याकडं कोंबडी अंगनात कापायची नि तशीच चुलीवर चढवायची, पाकिटातलं चिकन कोनाला ठावं होतं. आता ऱ्हायाला कामोठ्याला. आमच्या यांचं कॅन्सरचं केमो चालू हाय. डॉक्टर म्हनाले चिकन द्या, ताकद येईल, पन जरा बी कच्चं नको, साधा जुलाब पन यांना झेपायचा नाय. काय सांगू ताई, तवापासनं मटन-चिकनला हात लावायचा म्हटला की मना भीतीच वाटते.

पुन्याची लेक मोबाइलवरनं ऑर्डर करून कच्चं चिकन घरी पाठवते. त्या दिवशी हे आपनहून म्हनाले, अगं रस्सा कर, भूक लागलीय. भूक हा शब्दच मी किती दिवसांनी ऐकला. लेकीला कळवलं नि आमी रक्त तपासायला गेलो. आलो तर वॉचमन म्हनतो, मावशी, पार्सल कवाचं आलंय, इथं टेबलावर हाय. टेबलावर ऊन. पाकीट हाताला कोमट. वास काय येत नवता, आला असता तर बरं झालं असतं, निर्नय झाला असता. हे म्हनाले, चांगलं उकळ, काय होत नाय, जन्मभर खाल्लं. मी टाकलं ताई, पाकिटासकट कचऱ्यात. हे भिंतीकडं तोंड करून पडले. मना वाटलं, गेली भूक, माझ्या पायी गेली.

लेकीनं दुसरं मागवलं. मी खाली गेटवरच जाऊन उभी ऱ्हायले, हातात घेतलं तर बर्फासारखं गार. नळाखाली धुवायचं नाय, जंतूंचे शिंतोडे भांड्यांवर उडतात, हॉस्पिटलातल्या नर्सनं बजावलेलं, तरी हात नळाकडंच जायचा, सवय ना. आलं-लसून, आमचा मसाला, खोबऱ्याचं वाटन. मांडीचा जाड तुकडा हाडापर्यंत फोडून बघितला, गुलाबी नवता, तरी परत झाकन, परत फोडला. हे उठून बसले, भाकरी कुस्करली, म्हनाले, चिकन कुठं हाय यात, सगळं विरघळवलंस, नि हसले. वाटी पुसून खाल्ली. मी मात्र दोन दिवस बाथरूमच्या दाराकडं कान लावून. काय झालं नाय.

आता काल म्हनतात, जिताडा मासा खावासा वाटतो. झालं, परत तीच भीती. एकवीरा आई, यांची भूक अशीच ऱ्हाऊ दे, माझ्या भीतीचं मी बघते.