आर्वोची मशरूमची जागा

...आणि 'हं' म्हणजे काय हो? 'हं' हे काय उत्तर झालं? मी विचारलं, "आर्वो, सूप खारट झालंय का?" तर म्हणे, "हं." म्हणजे झालंय? की नाही झालंय? की सूपच नकोय? तुम्हाला सांगते, माणसानं तोंड उघडून काहीतरी बोलावं की नाही?

आता तुम्ही म्हणाल, विर्वेबाई, एस्टोनियात जन्म गेला तुमचा, अजून सवय नाही झाली? नाही झाली! बसथांब्यावर आम्ही लोक असे उभे राहतो, की दोघांच्या मध्ये एकेक गाय बांधावी... शेजाऱ्याला पोरगी झाली तर ती शाळेत जायला लागल्यावर आपल्याला कळतं! आणि त्यात मी ही अशी, कुणी नसलं तर किटलीशी बोलणारी. नवरा गेल्यावर तर बोलायला किटलीच उरली होती.

हा आर्वो कुंपणापलीकडचा. त्याचीही बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गावच्या गायनमंडळात माझ्या मागे उभा राहून असा खर्ज लावतो, की माझ्या पाठीत गुदगुल्या होतात. पण गाणं संपलं की टोपी डोक्यावर आणि हा रस्त्यावर! गायला सगळा देश तोंड उघडतो हो, बोलायला मात्र... जाऊ दे.

तर सप्टेंबर लागला, की हा माझ्या पायरीवर पिवळ्याधमक मशरूमची टोपली ठेवून पळायचा. एकदा मी खिडकीतून ओरडले, "अहो, मिळतात कुठे एवढी?" तर म्हणे, "जंगलात." जंगलात! मला वाटलं होतं समुद्रात! पण त्याचाही दोष नाही. मशरूमची जागा आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. माझी बहीण साल्मे, तिची सासू शेवटच्या घटका मोजत होती, सगळे उशाशी, "आई, काही सांगायचंय का?" म्हातारीनं डोळे उघडले, एकेकाकडे नीट पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून जीव सोडला!

आणि यंदा हा माणूस कुंपणाशी येऊन म्हणतो, "उद्या सकाळी. रबरी बूट घाला."

मी धावत जाऊन साल्मेला फोन लावला. ती किंचाळलीच, "जागा दाखवतोय? विर्वे, अगं मग लग्नच झालं म्हण की!"

सकाळी हा पुढे, मी मागे, दलदलीतून पचाक पचाक, आणि माझं तोंड चालूच... मध्येच थांबला. "शू. कुणाला ऐकू जाईल." मग एक फांदी बाजूला केली, आणि बघते तर काय, सगळ्या शेवाळावर नुसतं पिवळं पिवळं, लोण्याची कढई उपडी झाल्यासारखं! त्यानं चाकू माझ्या हातात दिला. "आईची जागा. पोरांनाही माहीत नाही."

मी गप्प. अहो, मी! तर हा घाबरला! "बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?" एका दमात दोन प्रश्न!

परतताना म्हणाला, "मी तुमच्याकडे राहायला येतो." आता आमच्या भाषेत विभक्त्या चौदा, पण 'येईन' म्हणायची सोय नाही! 'येतो' म्हणायचं, आणि आत्ता की नाताळात ते समोरच्यानं ओळखायचं. मी विचारलं, "कधी?" तर म्हणे, "हं." सांगा, माणसानं काहीतरी बोलावं की नाही?

ऑक्टोबर गेला. बर्फ पडलं. मी रोज दोघांचे बटाटे उकडते आणि एकटी खाते... वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. म्हाताऱ्या बाईला भलत्याच आशा! किटलीलासुद्धा सांगितलं नाही मी, एवढी लाज वाटली.

आणि एका सकाळी ठोकठोक ऐकू आली. बाहेर जाऊन बघते, तर हा कुंपणाच्या फळ्या काढतोय! एकेक फळी, नीट रचून. मी शालीतच उभी. म्हटलं, "आर्वो, हे काय?" तर माझ्याकडे न बघता म्हणतो, "मध्ये येत होतं." थोड्या वेळानं, आमच्या वाफेच्या न्हाणीकडे बोट करून, "सौना तापवायला सरपण होईल." मी रडले हो तिथंच, बर्फात!

तेव्हापासून इथंच आहे. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू? राय धान्याचा काळा ब्रेड माझ्यापेक्षा चांगला भाजतो. पण भांडायची पंचाईत! सौना किती तापवायचा यावरून काल भांडण काढलं, तर हा नुसता बघतोय. मग त्याची बाजूही मलाच मांडावी लागली. आणि काय सांगू तुम्हाला... त्याच्या बाजूनं मी इतकं चांगलं बोलले, की हरलेच!