हसरं तोंड

वारा सकाळपासून असा सुटलाय की घरातलं दार न् दार आपटतंय — हे एकच तेवढं हलत नाही. हां, हेच. किल्ली आतून फिरवलीय. नात आहे माझी आत, चौदा वर्षांची. नाही नाही, बरी आहे — मघाशी खुर्ची सरकली, मी हाक मारली तर "जा" म्हणाली. "जा" म्हणतेय म्हणजे बरीच असणार, नाही का? कालपासून जेवली नाही, एवढंच. सून कामावरून निघालीय, येईलच. तुम्ही बसा, करा तुमचं — जरा हळू हं, घाबरेल पोर.

झालं काय — त्या फोनवर ती आपले फोटो टाकते. शेजारच्या ताईंनी मलाही त्यात घालून दिलं, म्हटलं, नात दिसत राहील. फोटोखाली बारकी बारकी तोंडं असतात ना — एक रडकं, एक रागावलेलं, एक हसरं. मी आपला दरवेळी हसरं दाबायचो. नात दिसल्यावर माणूस हसणार नाही तर काय रडणार? परवा तिनं दातांना तार बसवल्यावरचा फोटो टाकला, वर एक ओळ काहीतरी — मी दाबलं हसरं. ओळ होती, "मला आरशात बघवत नाही." झालं. सख्खा आजोबाच हसतोय म्हटल्यावर वर्गातली पोरं कशाला मागे राहतात? सगळ्यांनी हसरंच दाबलं. एकानं तर खाली लिहिलं, आजोबा खरं बोलले.

वाचलं कसं नाही म्हणता? चष्मा नव्हता — म्हणजे, होता. होता डोळ्यांवर. तिचे शाळेतले निबंध बघतो ना मी — कागद धरतो, ओळींवरून बोट फिरवतो, छान लिहिलंस म्हणतो. लहानपणापासून तिला वाटतं, आजोबांना सगळं येतं. कपडे बेतण्यात जन्म गेला माझा, टेपवरचे आकडे तेवढे ओळखीचे. आता ती आत बसून काय म्हणत असेल — वाचलं, आणि वाचून हसला म्हातारा.

थांबा जरा. ती सळई काढा — काढा हो. दार उघडलंत, तर मी पुढे होऊन काय बोलू? पिशवी भरा, या तुम्ही. रागावू नका, चूक माझीच, उगाच बोलावलं. सकाळी ताईंनी ती ओळ वाचून दाखवली, तेव्हाच म्हणाल्या होत्या, "कुलूपवाला कशाला, आजोबा? तिला सांगा ना, तुम्हाला वाचता येत नाही."