दुसरा गुडघा

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला हाडांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारचं मराठी जोडपं, इथं आपली भाषा कुणाला कळणार, अशा भरवशावर मोठ्यानं बोलत होतं. मी चेहरा शक्य तितका अमराठी केला.

"शिन्यूला आत नेऊन अर्धा तास झाला हो."

"यामिनी, एमआरआय आहे तो. कुकर नाही, झाकण काढून बघायला."

"तिच्या आईचा मेसेज आलाय चीनहून. अ‍ॅपनं मराठी करून दिलंय. 'माझी मुलगी कुठे आहे?' म्हणतेय."

"मग सांग, मॅचमध्ये तोच गुडघा पुन्हा दुखावला."

"काहीतरीच! मागच्या ऑपरेशनलाच आईनं बजावलंय, पुन्हा लागलं तर फुटबॉल बंद, सरळ घरी यायचं. विसाव्या वर्षी करिअर संपेल पोरीचं."

"क्लबनं तिला आपल्याकडे ठेवलंय ते सांभाळायला, की तिच्या आईला फसवायला?"

"मी लिहिलंसुद्धा, 'प्रॅक्टिसला गेलीय.'"

"धन्य आहेस."

"थांबा, उत्तर आलं. 'मी मॅच लाइव्ह बघत होते.'"

"घ्या! झालं?"

"पुढे आहे. 'मला कळलंय हे तिला सांगू नका. कळलं तर मला तिला परत बोलवावं लागेल. तिला खेळू दे. फक्त एवढं सांगा, ऑपरेशन झालेलाच गुडघा आहे का?'"

"दाखव बघू."

"अहो, काय लिहू?"

"लिही, दुसरा आहे. आणि शिन्यू बाहेर यायच्या आत तो फोन पर्समध्ये टाक."