तेरा साते आणि पटावरची दोन मुलं

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच साळुबाई आक्का, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक ऋषी सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या वृषाली मॅडम, समोर बसलेल्या माताभगिनी, वडीलधारी मंडळी आणि बालमित्रांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी फुरकान. लोणीच्या बाजारात अंडी विकतो. माझं शिक्षण आठवी नापास, म्हणून कागदावर लिहून आणलंय. बघून वाचतो, राग मानू नये. न बघता बोललो तर नको ते आधी बोलून बसेन.

मॅडमनी आपल्या मुलांना गुणाकार कसा शिकवला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळेत अंडी पोचवायला यायचो, तेव्हा त्या माझाच ट्रे मुलांपुढे धरायच्या. पाच ओळी, ओळीत सहा. मग ट्रे आडवा फिरवायच्या आणि विचारायच्या, "आता सहा ओळी, ओळीत पाच. अंडी वाढली का?" मुलं ओरडायची, "न्हाई!" एकदा माझी मनाल घरी येऊन म्हणाली, "अब्बा, उद्या शून्य अंड्यांचे पाच ट्रे द्या. मॅडमनी सांगितलंय." मी म्हणालो, "पैसे किती घेऊ?" ती म्हणाली, "शून्यच की." आम्ही सगळे हसलो. तेव्हा मॅडमचं कौतुक वाटायचं. मग असं काय झालं?

रमजान ईदला शीरखुर्मा प्यायला सावळेराम काका आमच्या घरी आले होते. काका समोरच बसलेत. काका, चूक तुमची नाही, ती माझीच आहे. काकांनी मनालला विचारलं, "तेरा साते किती गं?" तिनं आधी बोटं पुढे धरली. मग बोटांकडे बघत म्हणाली, "दहा साते सत्तर, तीन साते एकवीस. एक्याण्णव." काकांचा नातू इंग्रजी शाळेत जातो. त्यानं तेराचा अख्खा पाढा एका दमात म्हणून दाखवला. काका म्हणाले, "भाऊ, तुझी पोरगी लई लांबून आली राव. पाढा येत न्हाई म्हण की."

उत्तर बरोबर होतं. पण चार पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली, आणि मला उत्तर ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "फुरकानभाऊ, अवघड गुणाकार तिनं फोडून सोपा केला. पाढेही पाठ करून घेऊ. पण आधी हे कळू द्या." मी म्हणालो, "मॅडम, अंडी मला मोजता येतात. तुम्ही पोरीला पाढा द्या." हे वाक्य मी आज लिहून आणलं, कारण ते विसरलो असं मला म्हणता येऊ नये.

जूनमध्ये मी मनाल आणि तिचा भाऊ नुमान, दोघांचेही दाखले काढून त्यांना इंग्रजी शाळेत घातलं. पटावर एकवीस मुलं होती, ती एकोणीस झाली. पट वीसच्या खाली गेला की मॅडमचं पद जाणार, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी शाळा समितीचा उपाध्यक्ष. सरांनी बैठकीत ते वाचून दाखवलं, तेव्हा मी पहिल्याच रांगेत होतो. मनात म्हणालो, कुणाची तरी दोन मुलं येतील. मुलं काढल्यावर माझं ते पदही राहायला नको होतं. मला कुणी जा म्हणालं नाही, आणि मीही उठलो नाही. पद गेलं ते मॅडमचं.

दाखले मॅडमनीच लिहिले. पटाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मनालला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. तेवढा तिला द्या म्हणून तिकडे सांगा." मी सांगितलं नाही. आता मनाल पाढे धडाधड म्हणते. परवा मी विचारलं, "तेरा साते एक्याण्णव कसे गं?" ती म्हणाली, "अब्बा, कसे म्हणजे? तसंच असतं."

आजचं भाषण सर करणार होते. माझी बायको शमा म्हणाली, "तुमीच बोला. सर बोलले तर कार्यक्रम व्हईल, पर तुमचं ओझं हाय तिथंच राहील." बोलून ते उतरेल असं वाटलं होतं. अजून तरी उतरलेलं नाही.

अजून तिघे जण दाखला मागणार आहेत, असं कानावर आलंय. मी नावं घेणार नाही, आणि थांबा म्हणायचा मला अधिकारही नाही. मी काय करणार आहे, तेवढं सांगतो. उद्या सकाळी मनाल आणि नुमानला घेऊन मी याच शाळेच्या दारात उभा राहीन. त्यानं मॅडमचं पद परत येणार नाही. सरांना मी दोनदा विचारलं. मॅडम अवसरीच्या घरून निघून त्या वेळी आणे घाट चढत असतील, तिकडच्या नव्या शाळेत हजर व्हायला.

साळुबाई आक्कांनी मला बोलू दिलं आणि तुम्ही मध्ये न उठता ऐकून घेतलं, त्याबद्दल सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. केलं ते मात्र घालू नका. बसतो.