एकेका सेकंदाची अक्षरं

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या काकूंनी मान वळवली नाही, पण शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं कानावर पडतच होतं.

“आई, मोबाइलवरच्या अक्षरं शिकायच्या सगळ्या कार्डांवर तुम्ही ‘येतं’च दाबलंत?”

“येत होतं म्हणून दाबलं.”

“एकेका सेकंदात? मोबाइल वेळही टिपून ठेवतो.”

“मेला चहाडखोर!”

“‘येतं’ म्हटलं, की तो ते कार्ड महिनाभर दाखवत नाही.”

“शेजारी तुझे सासरे बसलेले. ‘येत नाही’ कसं दाबू?”

“आणि आज त्यांच्याच डोळ्यात कानाचं औषध घातलंत.”

“...कुणी घातलं, ते विचारलं त्यांनी?”

“हो, डॉक्टरांकडे आत जाताना. मी घातलं म्हणून सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, तुझ्या सासूनं वाचून घातलं असतं.”

“सरक. मला आत त्यांच्याकडे जाऊ दे. मीच सांगते.”